गेम भारी आहे, मग विकला का जात नाही? डीअँडडीसमोर टिकायचं गणित

प्रश्न थोडक्यात असा आहे: स्वतःचा फँटसी टीटीआरपीजी, म्हणजे टेबलाभोवती बसून खेळायचा रोलप्लेइंग गेम, बनवलाय, कॉम्बॅट डीअँडडीच्या (डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या) निम्म्या वेळात उरकतं, ज्यांनी खेळून बघितला त्या सगळ्यांना आवडला, पण पीडीएफ टाकून सहा महिने झाले तरी विक्री पन्नाशीच्या आसपासच अडकलीय. आता किकस्टार्टरवर लोकांकडून आगाऊ पैसे जमवून तीनशे पानांचं रंगीत हार्डकव्हर काढावं का, आणि मुळात डीअँडडीसमोर उभं राहून कुणी पैसे कमवतं का?

शेवटच्याचं उत्तर आधी देतो. हो, कमवतात, बऱ्यापैकी कमवतात, पण रूल्सच्या जोरावर जवळजवळ कुणीच नाही. मी आधी बरीच वर्षं दुसऱ्यांच्या पुस्तकांचं एडिटिंग आणि प्रॉडक्शन केलं, मग स्वतःचं छोटं पब्लिशिंग सुरू केलं, आणि "आमची सिस्टीम डीअँडडीपेक्षा चांगली आहे" हे वाक्य ज्यांच्या ज्यांच्या तोंडून ऐकलं त्यातले बहुतेक गेम आज कुणाच्या टेबलावर दिसत नाहीत. खोटं बोलत होते असंही नाही, बऱ्याच जणांची सिस्टीम खरोखर चांगली होती. गिऱ्हाईक ती बघून पुस्तक घेतच नाही, एवढंच.

आता गिऱ्हाईक कोण ते बघा. टेबलावर पाच जण बसले असतील तर पुस्तक घेणारा बहुतेक वेळा एकच असतो, गेम चालवणारा. डिसेंबर २०२२ मध्ये डीअँडडी काढणाऱ्या विझार्ड्स ऑफ द कोस्टच्या तेव्हाच्या प्रमुख सिंथिया विल्यम्स गुंतवणूकदारांसमोर बोलताना म्हणाल्या होत्या की डंजन मास्टर, म्हणजे गेम चालवणारे, हे खेळणाऱ्यांपैकी साधारण २० टक्केच आहेत, पण पैसे खर्च करणाऱ्यांमध्ये सगळ्यात मोठा वाटा त्यांचाच आहे. जगातल्या सगळ्यात मोठ्या गेमची ही अवस्था, तर आपल्यासारख्यांच्या गेममध्ये हा आकडा अजून एकतर्फी असणार हे उघड आहे. म्हणजे तुमचं प्रॉडक्ट विकत घेणारा माणूस हा असा आहे की ज्याला पुस्तक घेतल्यावर स्वतः वाचायचंय, मग चार मित्रांना पटवायचंय, त्यांना शिकवायचंय, सगळ्यांची एकच संध्याकाळ मोकळी मिळवायचीय, आणि एवढं सगळं करून झाल्यावर पहिल्या सेशनला कुणीतरी विचारणार की "आपण नेहमीचंच का नाही खेळत?"

हा प्रश्न तुमचा खरा प्रतिस्पर्धी. डीअँडडीच्या टेबलावर हा प्रश्न येतच नाही कारण नियम निदान अर्धेमुर्धे तरी सगळ्यांना माहीत असतात, आणि नवीन ग्रुप जमवायचा असेल तर माणसंही त्याच नावावर मिळतात. ही गोष्ट विझार्ड्सने फार पूर्वी ओळखली होती. २००० साली तिसरी एडिशन आली तेव्हा त्यांच्याकडच्या रायन डॅन्सीने ओपन गेम लायसन्सची, म्हणजे ओजीएलची (हे नियम वापरून बाहेरच्यांनीही पुस्तकं काढायच्या परवानगीची) कल्पना पुढे रेटली, त्यामागचा हिशेब हाच होता की या गेमची खरी किंमत तो खेळू शकणाऱ्या माणसांच्या जाळ्यात आहे. मग ॲडव्हेंचर्स, छोटी सप्लिमेंट्स, ज्यात नफा कमी आणि डोकेदुखी जास्त, ती बाहेरच्यांनी काढावीत, आणि त्यातलं प्रत्येक पुस्तक फिरून आपल्या प्लेयर्स हँडबुकची विक्री वाढवेल. बाहेरून दानधर्म वाटतो, आतून एकदम कडक धंदा. सुरुवातीला चाललाही, नंतर त्याच नियमांवर चालणारी म्हणून डी२०चा शिक्का मारलेली इतकी पुस्तकं आली की दुकानदाराला चांगलं कुठलं आणि भुक्कड कुठलं कळेना, २००३ मध्ये साडेतीन (३.५) एडिशन आल्यावर आधीचा स्टॉक एका झटक्यात शिळा झाला आणि बरेच छोटे पब्लिशर त्याखाली दबून गेले.

जाळं किती चिवट असतं याचं माझं आवडतं उदाहरण जर्मनीचं आहे. तिथे १९८४ मध्ये श्मिट श्पीलं या मोठ्या खेळणी कंपनीला डीअँडडी आणायचं होतं, तेव्हाची मालक कंपनी टीएसआर हिच्याशी बोलणी फिसकटली, म्हणून त्यांनी उलरिश कीझोवकडून दास श्वार्त्स आऊगं हा स्वतःचा गेम बनवून घेतला आणि खेळण्यांच्या दुकानांतून विकला. तो गेम पुढे कित्येक वर्षं तिथला सगळ्यात मोठा रोलप्लेइंग गेम राहिला. स्वीडनमध्ये १९८२ साली केऑसियम या पब्लिशरच्या बेसिक रोलप्लेइंग या नियमांवर बेतलेला द्राकार ओक देमोनेर आला आणि तिथली एक अख्खी पिढी त्यावर वाढली. जपानमध्ये टेबलाचा राजा म्हणजे केऑसियमचाच हॉरर गेम, कॉल ऑफ कथुलू. तीन देश, तीन वेगळे विजेते; स्वीडन आणि जपानच्या गेमचे रूल्स एकाच मुळातले, जर्मनीचे वेगळे. तिघांत समान काय, तर त्या भाषेत, त्या दुकानात, त्या वयाच्या पोरांपर्यंत तो वेळेवर पोचला आणि मग मित्राने मित्राला शिकवत नेलं.

आता याच्या उलट बाजू, म्हणजे नंबर एकचा गेम कधी घसरला? दुसऱ्या कुणी सरळ टक्कर देऊन पाडला असं एकदाही झालेलं नाही, दरवेळी मालकाने स्वतःच्याच हाताने खड्डा खणला. १९९७ मध्ये टीएसआर विझार्ड्सला विकावी लागली. त्याआधी बघा काय चाललं होतं: फर्गॉटन रेल्म्स, ड्रॅगनलान्स, रेव्हनलॉफ्ट, डार्क सन, प्लेनस्केप, बर्थराइट, एकेका सेटिंगची (काल्पनिक जगाची) वेगळी लाइन, आणि डार्क सन घेणारा प्लेनस्केप घेईना. तेच गिऱ्हाईक कापून कापून प्रत्येक लाइनला थोडं थोडं वाटलं गेलं, छपाई आणि लेखनाचा खर्च मात्र प्रत्येक लाइनला पूर्ण. वर पुस्तकांच्या दुकानांसाठी रँडम हाऊसशी असा करार होता की माल गोदामातून निघाला की पैसे हातात, त्यामुळे कॅश कमी पडली की अजून माल छापून पाठवायची सवय लागली, आणि न खपलेला माल परत यायला लागला तेव्हा ते पैसेही परत करायची वेळ आली. ड्रॅगन डाइस या फाशांच्या खेळाचे न खपलेले ढीग वेगळेच.

(या गोष्टीचा छोट्यांसाठी अर्थ: पहिल्या गेमचं दुसरं पुस्तक यायच्या आत दुसरा गेम काढू नका. प्रत्येकाला नवीन गेम बनवायचा असतो, सप्लिमेंट कुणालाच लिहायचं नसतं. असो.)

दुसरा खड्डा २००८ चा. चौथी एडिशन आली, सोबत ओजीएलच्या जागी खूप बंधनं घालणारं जीएसएल लायसन्स आलं. त्याआधी २००७ मध्ये पायझो या पब्लिशरकडून ड्रॅगन आणि डंजन ही डीअँडडीची मासिकं काढून घेतली होती. पायझोकडे मासिकांमुळे काय होतं तर दर महिन्याला ॲडव्हेंचर वाचणारे सबस्क्राइबर, चांगले लेखक, आणि वेळेत पान बाहेर काढायची शिस्त. त्यांनी साडेतीनचेच ओपन रूल्स उचलून २००९ मध्ये पाथफाइंडर काढला आणि २०११ मध्ये हॉबी दुकानांच्या विक्रीच्या आयसीव्हीटू या व्यापारी साइटच्या यादीत तो डीअँडडीच्या वर गेला. लोक हे उदाहरण देऊन म्हणतात "बघा, हरवता येतं", पण पाथफाइंडरने नवं जाळं विणलं नव्हतं, मालकाने सोडून दिलेलं जाळं तसंच्या तसं उचललं होतं. तुमच्या शेल्फवर साडेतीनची पंधरा पुस्तकं असतील तर ती पाथफाइंडरसोबत चालत होती, चौथ्या एडिशनसोबत नव्हती. टेबल चालवणाऱ्याच्या बाजूने विचार केला तर निर्णय सोपा होता.

तिसरा खड्डा जानेवारी २०२३ चा, तो बऱ्याच जणांना आठवत असेल. ओजीएलचं नवीन व्हर्जन लीक झालं, त्यात वर्षाला ७,५०,००० डॉलरच्या वर उत्पन्न असणाऱ्यांकडून वरच्या रकमेवर २५ टक्के रॉयल्टी, शिवाय जुनं लायसन्स रद्द करायची भाषा. नफ्यावर नाही हां, उत्पन्नावर, आणि आपल्या धंद्यात एवढं मार्जिन असतं कुणाला? महिना संपायच्या आत विझार्ड्सला माघार घेऊन पाचव्या एडिशनचा एसआरडी (मूळ नियमांचा दस्तऐवज) क्रिएटिव्ह कॉमन्सखाली, म्हणजे कुणालाही वापरता येईल असा, सोडावा लागला. त्याच गोंधळात पायझोने सांगितलं की आठ महिन्यांसाठी ठेवलेला पाथफाइंडरच्या कोअर रूलबुकचा स्टॉक दोन आठवड्यांत संपला. हे का जमलं तर गोदामात आठ महिन्यांचा माल होता आणि सगळे रूल्स ऑनलाइन फुकट वाचायला आधीपासूनच उपलब्ध होते. ज्या छोट्या पब्लिशर्सचं पुस्तक त्या महिन्यात आउट ऑफ प्रिंट होतं त्यांना लोकांनी ट्विटरवर खूप प्रेम दिलं, आणि तेवढंच दिलं.

कोबोल्ड प्रेसने त्यातून टेल्स ऑफ द व्हॅलियंट हा स्वतःचा गेम काढला, एमसीडीएमने ड्रॉ स्टील या गेमसाठी बॅकरकिट या क्राउडफंडिंग साइटवर ४६ लाख डॉलर्स जमवले, शॅडोडार्कने किकस्टार्टरवर १३ लाखांच्या वर नेलं. ही तिन्ही नावं सांगताना लोक एक गोष्ट विसरतात की या तिघांकडेही लीकच्या आधीपासूनच मोठा वाचकवर्ग होता, कुणाचा ॲडव्हेंचर्समुळे, कुणाचा यूट्यूबमुळे, कुणाचा मेलिंग लिस्टमुळे. संधी सगळ्यांसमोर आली, हात पोचले ते ज्यांची यादी तयार होती त्यांचे.

आणि क्रिटिकल रोल या गेम खेळून दाखवणाऱ्या शोचं प्रकरण तर या सगळ्यावर कडी आहे. त्यांचा घरचा गेम पाथफाइंडरवर चालायचा, २०१५ मध्ये स्ट्रीम सुरू करताना ते पाचव्या एडिशनवर आले कारण बघणाऱ्यांना आणि कॅमेऱ्यासमोर ते सुटसुटीत पडत होतं. पुढे त्यांनी स्वतःची पब्लिशिंग कंपनी काढली, २०२५ च्या मे महिन्यात डॅगरहार्ट हा स्वतःचा गेम आणला, डीअँडडी सोडून आलेले डिझायनर जेरेमी क्रॉफर्ड आणि ख्रिस पर्किन्स यांनाही घेतलं. आणि चौथी मुख्य कॅम्पेन? डीअँडडीवरच. ज्यांच्याकडे लाखो प्रेक्षक आहेत आणि विकायला स्वतःचा गेम आहे त्यांनाही मुख्य शोमध्ये जाळं सोडवेना, तर आपण "कॉम्बॅट जलद आहे" एवढ्या बळावर लोकांना हलवू असं समजणं जरा धाडसाचंच.

आता पैशांकडे येतो, कारण हार्डकव्हरचा निर्णय इथेच होतो. मोजायला सोपं म्हणून ५० डॉलर छापील किमतीचं पुस्तक धरा. दुकानातून विकायचं तर डिस्ट्रिब्युटर ते तुमच्याकडून साधारण ४० टक्क्यांना उचलणार, म्हणजे तुमच्या हातात २०. दुकानाला ते निम्म्याच्या थोडं वर पडतं, बाकीचं त्याचं भाडं आणि पगार. त्या २० मधून छपाई आणि गोदामापर्यंतची वाहतूक जाणार. अडीचशे-तीनशे पानांचं रंगीत, शिवलेलं हार्डकव्हर, दोन हजार प्रती, धरा ९ डॉलर. राहिले ११. आता चित्रं, एडिटिंग, लेआउट, प्रूफ, इंडेक्स, याला २०,००० डॉलर लागले असं धरा, एवढ्या पानांना ही काही उधळपट्टी नाही, तर प्रतीमागे १० गेले. राहिला एक डॉलर. लेखक तुम्ही स्वतः असाल आणि स्वतःला काही देत नसाल तर. आणि हे सगळ्याच्या सगळ्या दोन हजार प्रती खपल्या तर, जे पहिल्या गेमला क्वचित होतं.

तोच मजकूर २० डॉलरच्या पीडीएफमध्ये ड्राइव्हथ्रूआरपीजी या पीडीएफच्या दुकानावर विकलात तर तिथलं कमिशन एक्स्क्लुझिव्हला (फक्त तिथेच विकलं तर) ३० टक्के, नॉन-एक्स्क्लुझिव्हला ३५ टक्के, म्हणजे हातात १३ किंवा १४ डॉलर, छपाई शून्य, वाहतूक शून्य, परत येणारा खराब माल शून्य. म्हणजे दुकानातल्या देखण्या ५० डॉलरच्या पुस्तकापेक्षा २० डॉलरची फाइल तुम्हाला जास्त देते. आणि ५० चं पुस्तक तुम्ही स्वतःच्या साइटवरून थेट विकलं, पोस्टेज गिऱ्हाइकाकडून घेतलं, तर पेमेंट गेटवे आणि पॅकिंग जाऊन ३५ च्या पुढे उरतात. म्हणून टिकलेल्या छोट्या पब्लिशर्सकडे बघितलंत तर सगळ्यांचा जीव थेट विक्रीत आणि मेलिंग लिस्टमध्ये अडकलेला दिसेल, दुकानं ही जाहिरातीसाठी. शिवाय डिस्ट्रिब्युटरवर सगळा भार टाकायची जोखीम काय असते ते जानेवारी २०२५ मध्ये दिसलंच, डायमंड या डिस्ट्रिब्युटरने दिवाळखोरीचा अर्ज केला, गेम्सची डिस्ट्रिब्युटर अलायन्स त्यांच्याच छत्राखाली होती, आणि ज्यांची बिलं थकली होती ते बसले हात चोळत.

पन्नास पीडीएफ गेल्या म्हणून वाईट वाटून घेऊ नका, हेही सांगून ठेवतो. ड्राइव्हथ्रूवर पहिला म्हणजे कॉपरचा बॅज ५० च्या पुढे मिळतो आणि तिथली बरीच प्रॉडक्ट्स तिथवर पोचतच नाहीत. पन्नास अनोळखी लोकांनी पैसे देऊन घेतलं असेल तर ती सुरुवात आहे. त्यातल्या किती जणांनी गेम चालवला हा जास्त महत्त्वाचा आकडा, आणि तो कुठल्याच डॅशबोर्डवर दिसत नाही, विचारावा लागतो.

किकस्टार्टरबद्दल लोकांचा समज असा की लाखो डॉलर जमले म्हणजे गंगेत घोडं न्हालं. केऑसियमने २०१३ मध्ये कॉल ऑफ कथुलूच्या सातव्या एडिशनसाठी साडेपाच लाख डॉलर्सच्या वर जमवले होते. गेम १९८१ पासून चालू, नाव जगभर, बॅकर (पैसे लावणारे) भरपूर. आणि त्यातूनच कंपनी बुडायच्या काठावर आली, कारण वेगवेगळ्या देशांत ते जड बॉक्स आणि पुस्तकं पाठवायचा खर्च अंदाजाच्या कितीतरी वर गेला. २०१५ मध्ये कंपनीचे संस्थापक ग्रेग स्टॅफर्ड आणि कॉल ऑफ कथुलूचे लेखक सँडी पीटरसन परत आले, मग मून डिझाइन या पब्लिशरच्या मंडळींनी कारभार हातात घेतला आणि गाडी रुळावर आणली. पुढे २०१६ मध्ये सेव्हन्थ सी या गेमच्या दुसऱ्या एडिशनने १३ लाख डॉलर्स जमवले, अकरा हजारांच्या वर बॅकर, तेव्हा तो विक्रम होता. पण स्ट्रेच गोलमध्ये (जास्त पैसे जमले की जादा काय देऊ त्या यादीत) पुस्तकांवर पुस्तकं कबूल केली होती, ती लिहून, चितारून, छापून द्यायची म्हणजे वर्षानुवर्षांचा पगार, आणि ज्यांना गेम हवा होता त्यांनी आधीच सगळं एका प्लेजमध्ये घेऊन टाकलेलं, मग नवीन विक्री येणार कुठून? २०१९ मध्ये तो गेम केऑसियमकडे गेला. म्हणजे जे स्वतः एकदा यात पोळले होते त्यांच्याकडेच.

मी बजेटं बघतो तेव्हा सगळ्यात आधी स्ट्रेच गोलची यादी बघतो. कापडी नकाशा, धातूचं नाणं, डाइस सेट, जीएम (गेम मास्टर, म्हणजे गेम चालवणारा) स्क्रीन, असं काही दिसलं की समजायचं, प्रत्येक वस्तूचा वेगळा कारखाना, वेगळी मिनिमम ऑर्डर, वेगळा उशीर, आणि सगळ्यात शेवटी आलेल्या वस्तूसाठी बाकीचा माल गोदामात भाडं खात बसणार. अमेरिकेने २०२५ मध्ये चीनच्या मालावर टॅरिफ चढवले तेव्हा नुसती पुस्तकं बऱ्यापैकी सुटली, अडकले ते डाइस, मिनिएचर आणि बॉक्सवाले. यादी वाढवायची असेल तर पीडीएफ वाढवा, तेसुद्धा लिहून तयार असलेली.

मग कमवतात ते काय करतात? सगळ्यांचा एकच फॉर्म्युला नाही, पण जे बघितलंय त्यात एक धागा सारखा दिसतो: टेबल चालवणाऱ्याचं काम त्यांनी कुठेतरी खरोखर कमी केलंय.

मदरशिप हा अंतराळातला हॉरर गेम घ्या. २०१८ मध्ये प्लेयर्स सर्व्हायव्हल गाइड झीनच्या, म्हणजे पातळ पुस्तिकेच्या, रूपात आलं, पीडीएफ द्याल तेवढ्या पैशांत, म्हणजे फुकटसुद्धा. कॅरेक्टर शीट हाच फ्लोचार्ट आहे, नवीन माणसाच्या हातात कागद द्यायचा, तो बाणांच्या मागे जात जात कॅरेक्टर बनवतो, पुस्तक उघडायची गरज नाही, आणि जीएम तेवढ्यात आपली तयारी करतो. पैसे कुठून आले तर ॲडव्हेंचर मॉड्यूल्समधून. त्यातली काही तर घडी घातलेला एकच कागद, दोन्ही बाजूंनी छापलेला, दहा मिनिटांत वाचून संध्याकाळी चालवता येतो. "एलियनसारखा सिनेमा, आज रात्री, तुम्ही बहुतेक मरणार", असं म्हटलं की टेबलाला पटवायला दुसरं वाक्य लागत नाही. २०२१ मध्ये बॉक्स सेटसाठी किकस्टार्टर केला तेव्हा १४ लाख डॉलर्स जमले, पण त्याआधीची वर्षं ते स्वस्त, पातळ, चालवता येण्याजोगं साहित्य टेबलांवर पोचवत होते हे विसरू नका.

ओल्ड-स्कूल इसेन्शियल्सने तर नवीन रूल्स लिहिलेच नाहीत म्हटलं तरी चालेल, १९८१ च्या जुन्या डीअँडडीचेच नियम, पण प्रत्येक विषय उघड्या दोन पानांत संपवलेला. चालू सेशनमध्ये पान उलटायला लागत नाही. निव्वळ लेआउटवर उभा राहिलेला धंदा आहे तो, आणि एडिटर म्हणून मला त्याचा जरा जास्तच आनंद आहे हे कबूल.

आयर्नस्वॉर्नने वेगळाच काटा काढला. २०१८ मध्ये पीडीएफ फुकट, आणि गेम एकट्याने खेळता येतो, किंवा जीएमशिवाय दोघा-तिघांनी. ग्रुप जमवायचा प्रश्नच संपला, आणि ज्यांना टेबल मिळत नाही असे लोक जगात टेबल मिळणाऱ्यांपेक्षा कमी नाहीत. फुकट दिल्यामुळे विक्री बुडाली नाही, पुढचा स्टारफोर्ज्ड त्याच लोकांनी पैसे देऊन घेतला.

फ्री लीग या पब्लिशरचा रस्ता अजून वेगळा: एलियन, द वन रिंग असे ओळखीच्या जगाचे लायसन्स, जोडीला मोर्क बोर्गसारखं नुसतं बघून हातात घ्यावंसं वाटणारं पुस्तक. लायसन्सचा फायदा हा की जीएमला जग समजावून सांगावं लागत नाही. मॅग्पाय गेम्सने २०२१ मध्ये अवतार लेजंड्सवर ९५ लाख डॉलर्स जमवले ते याच जोरावर. अर्थात लायसन्सची फी, मंजुरीच्या फेऱ्या आणि मुदत संपल्यावर गोदामातल्या मालाचं काय, हे पहिल्या गेमवाल्याने हात लावायचं प्रकरण नाही.

अजून एक, व्हॅम्पायर द मास्करेड, १९९१. डीअँडडी खेळणाऱ्यांना ओढायच्या भानगडीत न पडता व्हाइट वूल्फने ज्यांना डंजनमध्ये काही रस नव्हता अशी माणसं आणली, त्यात मुलीही पुष्कळ. त्यांच्यासाठी तो "डीअँडडीऐवजी" घेतलेला गेम नव्हताच, पहिलाच होता. नव्वदच्या दशकात टीएसआरला कुणी खरोखर घाम फोडला असेल तर यांनी.

म्हणून तुमच्या गेमबद्दल थोडं कडू बोलतो. "जलद कॉम्बॅट असलेली फँटसी" हे डीअँडडीवाल्याला सांगितलं तर तो म्हणणार की माझं कॉम्बॅट मला चालतंय, आणि डीअँडडी न खेळणाऱ्याला सांगितलं तर त्याला कशापेक्षा जलद तेच कळणार नाही. दोन्ही दारं बंद. तुमचं जग, तुमचं संकट, एका संध्याकाळी काय घडणार, यातलं काहीतरी एका वाक्यात सांगता आलं पाहिजे, असं की जीएमने ते ग्रुपवर टाकलं तर खालून "मी येतो" यावं.

पाचव्या एडिशनशी कम्पॅटिबल करावं का, हा प्रश्न पुढे येणारच म्हणून आत्ताच सांगतो. एसआरडी क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये असल्यामुळे कायद्याने आता फारशी धास्ती नाही, आणि तुमच्या सेटिंगमधले मॉन्स्टर किंवा एखादं ॲडव्हेंचर पाचव्या एडिशनसाठी काढलंत तर जाळ्याचा फायदा मिळतो. डीएम्स गिल्ड या डीअँडडीच्या अधिकृत साइटवर मात्र टाकू नका, तिथे लेखकाला निम्मेच मिळतात आणि टाकलेला मजकूर पुन्हा दुसरीकडे वापरता येत नाही. तुमची सिस्टीम पाचव्या एडिशनमध्ये कोंबू नका, पण दोन्ही सिस्टीमचे आकडे असलेलं ॲडव्हेंचर काढायला हरकत नाही, बरेच जण तसं करतात आणि त्यातून थोडे लोक मूळ गेमकडे वळतात. थोडेच, पण वळतात.

तर हार्डकव्हर आत्ता नको. पुढचे काही महिने असे घालवा: रूल्सचा क्विकस्टार्ट वीस-पंचवीस पानांत बसवा आणि फुकट सोडा, त्यात तयार कॅरेक्टर्स आणि तीन तासांत संपणारं एक ॲडव्हेंचर असू द्या. ते ॲडव्हेंचर तुमच्या ओळखीत नसलेल्या जीएमला द्या, तुम्ही त्या टेबलावर बसू नका, नुसतं नंतर विचारा की कुठल्या पानावर अडकला. तुमच्या प्लेटेस्टमध्ये सगळ्यांना आवडला याचं एक कारण तुम्ही स्वतः चालवत होतात, पुस्तकासोबत तुम्हाला पाठवता येत नाही. क्विकस्टार्ट डाऊनलोड करणाऱ्यांचा ईमेल घ्या, सक्ती नको, पुढच्या ॲडव्हेंचरचं आमिष द्या. ज्या पन्नास जणांनी विकत घेतलं त्यांना लिहा, कुणी चालवला विचारा. दोघांनी जरी हो म्हटलं तरी त्या दोघांशी तासभर बोला, त्यांच्याकडून जे शिकायला मिळेल ते कुठल्याही मार्केटिंगवाल्याकडून मिळणार नाही.

मग अठ्ठेचाळीस पानांचं एक झीन, काळंपांढरं, स्टेपल केलेलं, एक चांगलं कव्हर, छोटा क्राउडफंड. फेब्रुवारी २०१९ मध्ये किकस्टार्टरवर झीन क्वेस्ट हा झीनसाठीचा उपक्रम चालू झाला तेव्हापासून त्या आकाराची पुस्तकं घेणारा वाचक तयार झालाय, तो चुका माफ करतो आणि उशीर झाला तरी फार ओरडत नाही. गोल तेवढाच ठेवा जेवढ्यात छपाई, पोस्ट आणि आर्टिस्टचे पैसे निघतील, प्लॅटफॉर्मचे ५ टक्के आणि पेमेंटचे वेगळे, हे धरून. आर्टिस्टला "एक्स्पोजर" देऊ नका, पैसे द्या, ही लाइन छोटी आहे आणि सगळे एकमेकांना ओळखतात.

झीन घेणाऱ्यांपैकी चौथा हिस्सा जरी दुसऱ्या ॲडव्हेंचरला परत आला तर हार्डकव्हरचं बोलू. तेव्हा प्रिंटरकडून कोटेशन मागवताना प्रतीच्या किमतीसोबत पॅक केलेल्या एका प्रतीचं वजनही ग्रॅममध्ये मागवा, आणि पेज काउंट ठरवायच्या आधी ते वजन घेऊन निदान चार वेगवेगळ्या देशांचे पोस्टेजचे दर काढून बघा.